अर्ध्या ‘र’ची कैफियत

प्रमाण हा शब्द आपल्या भाषेत मोठा अर्थवाही आहे. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, व्यवहारात प्रमाण म्हणजे मोजमाप. आणि ‘आपला शब्द प्रमाण’ असे कोणी म्हटले म्हणजे पुढचा वादच खुंटतो. दिल्लीच्या सरकारी परिभाषेत या शब्दाची जागा ‘मानक’ या शब्दाने घेतली आहे. बहादुरशहा जफर मार्गावरील मानक भवनावरून ये-जा करणाऱ्या आमच्या वाचकांस तो नवा नाही. सिमेंटच्या पोत्यापासून प्रेशर कुकरपर्यंत नाना वस्तूंची मानके तेथे ठरतात. परंतु ज्या लिपीत आपण लिहितो तिचेही एक मानक याच शहरात घडले, ते एकदा नव्हे तर अनेकदा सुधारले गेले, आणि त्या सुधारणांच्या धकाधकीत मराठीच्या एका इवल्याशा चिन्हाची परवड झाली, ही हकीकत मात्र फारशी कोणाच्या कानांवर नाही. ती आज सांगण्याचा आमचा मानस आहे.

ज्या वस्तूचा वापर अद्याप सुरू झालेला नाही तिच्यात सुधारणा करणे सोपे असते. नव्या घराचा नकाशा कागदावर हवा तसा काढता येतो. राहत्या घराची भिंत हलवायची म्हटली म्हणजे मात्र घरातल्या माणसांनी तोवर कोठे झोपावे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. रूढ झालेले प्रमाण सुधारू पाहणाऱ्याला दोन ओढींना तोंड द्यावे लागते. एक ओढ कार्यक्षमतेची : काम कमी श्रमांत, कमी जागेत, कमी वेळात व्हावे. दुसरी ओढ मेळाची : कालपर्यंत जे लिहिले, छापले, साठविले गेले त्याच्याशी नव्याची फारकत होऊ नये. या दोहोंपैकी एकीचे मन राखावे तर दुसरी रुसते, आणि सुधारकाची गत दोन घरच्या पाहुण्यासारखी होते.

मराठी माणसाने या पेचाचा अनुभव संगणकाच्या पुष्कळ आधी घेतलेला आहे. मोडी आणि बाळबोध या दोन लिप्या आपल्याकडे शतकानुशतके शेजारी नांदल्या. पोथी बाळबोधीत आणि दप्तर मोडीत, अशी त्यांची वाटणी होती. हेमाडपंताने मोडी आणली ही आख्यायिका खरी असो वा नसो, ती कारकुनाच्या हाताला सोयीची लिपी होती यात शंका नाही. आधी रेघ आखून घ्यावी, मग लेखणी फारशी न उचलता अक्षरांच्या लडी तिच्याखाली सोडत जाव्या, ह्रस्वदीर्घाचा काटेकोर भेद पाळण्यात वेळ दवडू नये, असा तिचा खाक्या. वेगासाठी सूक्ष्मतेचा काही अंश जाणूनबुजून सोडलेला होता. छापखाना आला आणि हे गणित फिरले. विल्यम कॅरी यांनी बंगालमधील सेरामपूर येथे 1805 साली मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले आणि 1810 सालचा मराठी कोश मोडी खिळ्यांनी. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. परंतु खिळे जुळविणाऱ्याला लेखणीच्या वेगाचे काय कौतुक? छापखान्यात बाळबोधीने बाजी मारली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. मुलांच्या मागची एक लिपी कमी झाली, हा लाभ खराच. पण पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कागद त्याच दिवसापासून आपल्याच नातवंडांना परके होऊ लागले. आज ते वाचण्यासाठी वेगळे शिक्षण घेतलेला माणूस शोधावा लागतो. मेळ तुटला म्हणजे काय होते, याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

लेखणीनंतर छापखाना आला, तसे छापखान्यानंतर टंकलेखनयंत्र आले. त्याला पन्नासांहूनही कमी कळा. प्रत्येक कळीला दोन चिन्हे धरली तरी नव्वदांच्या आसपास गाडी अडते, आणि देवनागरीला तर स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे अशी मोठी पंगत बसवायची. तेव्हा यंत्र बदलता येत नसेल तर लिपी बदलावी, असा विचार पुढे आला. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली. इ, ई, उ, ऊ, ए ही स्वतंत्र अक्षरे काढून ‘अ’लाच मात्रा लावावी आणि अि, अी, अु, अू, अे असे लिहावे, हे तिचे सर्वांना आठवणारे सूत्र. इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनाने 1935 साली लिपिसुधारणेचा विषय हाती घेतला, त्यात काकासाहेब कालेलकर अग्रभागी होते. साताऱ्यास जन्मलेले, गुजराती गद्याचे मानकरी ठरलेले आणि 1952 ते 1964 या काळात राज्यसभेचे सदस्य राहिलेले काकासाहेब हे दिल्लीकर मराठी माणसाला आपले वाटावे असेच गृहस्थ. सावरकर आणि काकासाहेब यांच्या राजकारणाच्या वाटा भिन्न होत्या. तथापि यंत्राच्या अडचणीने दोघांना एकाच बाराखडीवर आणून सोडले.

यानंतरचा मोठा प्रयोग सरकारी पातळीवर झाला. उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर 1953 मध्ये लखनौस परिषद भरली, अध्यक्षस्थानी डॉ. राधाकृष्णन होते. ह्रस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर, ही देवनागरीतील जुनी विसंगती. परिषदेने ठरविले की ही वेलांटीही दीर्घ वेलांटीप्रमाणे उजवीकडेच द्यावी, फक्त तिची उभी रेघ आखूड ठेवावी. तर्काच्या दृष्टीने या निर्णयात खोट काढता येत नव्हती. खिळे जुळविणाऱ्याचा आणि टंकलेखकाचा त्यात फायदाच होता. पण वाचकाच्या डोळ्यांना दोन सारख्या दिसणाऱ्या रेघांची लांबी मोजत बसण्याची सवय नव्हती. लोकांनी ती वेलांटी स्वीकारली नाही, आणि 1957 सालच्या दुसऱ्या परिषदेने तिला पुन्हा डावीकडे आणून बसविले. चार वर्षांत सुधारणा आली आणि गेली. या चळवळीतून टिकले ते लहान बदल. ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ असा वाचला जाऊ नये म्हणून त्याचे पाय जोडले गेले. अ, झ, ण यांची मुंबई वळणाची रूपे हिंदीनेही घेतली. जे बदल जुन्या वाचकाला अडखळू न देता पचले ते राहिले. ज्यांनी प्रत्येक शिकलेल्या डोळ्याला पुन्हा शाळेत पाठविले असते ते परत गेले.

नेमक्या याच सुमारास दिल्लीहून निघालेली दुसरी एक सुधारणा मात्र यशस्वी झाली. तिच्याकडे पाहिले म्हणजे लखनौचा प्रयोग कोठे अडला ते उमगते. 1955 सालच्या कायद्याने दशमान नाणी ठरली आणि 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. कायदा करणाऱ्यांनी रुपयाला हात लावला नाही. पगार, कर्ज, भाडे, करार, साराच व्यवहार रुपयांत लिहिलेला होता. तो जसाच्या तसा राहिला. चवलीपावलीचे हिशेब तेवढे बदलले. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास नवे पैसे बिनचूक होत होते. एका आण्याचे सव्वासहा होताना जी अडचण होती तिच्यासाठी कोष्टके छापली गेली, आणि जुनी नाणी काही वर्षे नव्यांच्या बरोबरीने चालू दिली. 1964 साली ‘नवा’ हे विशेषण गळाले. पंचवीस पैशांचे नाणे 30 जून 2011 रोजी चलनातून गेले, तरी ‘चार आण्यांची अक्कल’ आपल्या बोलण्यात आहेच. मुळाशी असलेली किंमत न हलविता वरचे हिशेब सोपे करणे, जुने आणि नवे काही काळ एकत्र नांदू देणे, आणि मधल्या काळाचा त्रास कोष्टकावर सोपविणे, हे या यशाचे मर्म होते.

ही दोन उदाहरणे ध्यानात ठेवून आता संगणकाकडे वळू. संगणकाला अक्षर दिसत नाही; त्याला फक्त अंक कळतात. तेव्हा कोणत्या अक्षराला कोणता अंक द्यावा याचा करार आधी करावा लागतो, आणि असा करार म्हणजेच लिपीचे संगणकीय मानक. अमेरिकनांनी आपल्या रोमन लिपीसाठी असा 128 अंकांचा करार पूर्वीच केला होता. त्याला आस्की म्हणतात. भारतीय लिप्यांसाठी असा करार करण्याचे काम केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने हाती घेतले. त्याची पहिली आवृत्ती 1983 साली निघाली. 1986 आणि 1988 साली ती सुधारली गेली. आणि 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने तिला ‘आय. एस. 13194’ या क्रमांकाने आपले मानक म्हणून प्रसिद्ध केले. तंत्रज्ञ तिला ‘इस्की’ म्हणून ओळखतात. या कामात कानपूरच्या आय. आय. टी.चा मोठा वाटा होता. तेथे प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी भारतीय लिप्यांचे तंत्र सिद्ध केले, आणि पुढे तांबे यांच्याबरोबर ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले.

इस्कीची रचना खरोखर कौतुकास्पद होती. संगणकाच्या स्मृतीतील एका बाइटमध्ये 256 अंकांपैकी कोणताही एक मावतो. पहिल्या 128 जागा जशाच्या तशा आस्कीला दिल्या, म्हणजे इंग्रजीशी मेळ राहिला. उरलेल्या अर्ध्या भागात भारतीय अक्षरे बसविली. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या सर्व लिप्यांचा वर्णक्रम मूळचा एकच, तेव्हा देवनागरी ‘क’, बंगाली ‘क’ आणि तमिळ ‘क’ यांना एकच अंक. मजकूर कोणत्या लिपीत दाखवायचा ते सांगणारी खूण बदलली की तेच लिखाण दुसऱ्या लिपीत उमटावे. अर्ध्या अक्षरांना निराळ्या जागा नाहीत. पूर्ण अक्षरापुढे हलन्त लिहिला की जोडाक्षर यंत्राने स्वतः घडवावे. टंकलेखनयंत्रासाठी लिपी मोडू पाहणाऱ्यांच्या प्रश्नाला हे उत्तर होते : लिपी होती तशीच राहो, जोडण्याचे कष्ट यंत्र घेईल. ज्या काळी यंत्राची स्मृती किलोबाइटांत मोजली जाई त्या काळी एका चिन्हाला एकच बाइट लागावा, ही काटकसर लहान नव्हती.

परंतु इस्की दिल्लीत घडत असताना अमेरिकेत जगातील सर्वच लिप्यांचा एक करार आकार घेत होता. युनिकोड हे त्याचे नाव. त्याच्या कर्त्यांनी भारतीय लिप्यांसाठी इस्कीची 1988 सालची आवृत्ती समोर ठेवली, आणि त्यांचा ग्रंथ 1991 साली निघतो न निघतो तोच दिल्लीने आपले सुधारलेले मानक प्रसिद्ध केले. त्यात अक्षरांची मांडणी थोडी बदललेली होती. येणेप्रमाणे जगाने आपली एक प्रत उतरवून घेतली आणि आपण दुसरी प्रत अधिकृत केली. कार्यालयांत टिपणाची जुनी प्रत मंजूर होऊन येते आणि सुधारलेली प्रत फायलीत राहते, तसाच हा प्रकार झाला. युनिकोडने सर्व लिप्यांतील एका अक्षराला एकच अंक हे इस्कीचे तत्त्वही सोडले आणि नऊ लिप्यांना 128 जागांची एकेक स्वतंत्र पेटी दिली. मात्र पेट्यांच्या आतील क्रम इस्कीशी मेळ राहावा म्हणून एकाच साच्याचा ठेवला. तमिळ पंडितांची तक्रार येथूनच सुरू झाली. त्यांच्या लिपीत महाप्राण व्यंजने नाहीत, म्हणून तिच्या पेटीत रिकामी घरे राहिली, आणि तिच्या खास अक्षरांचा क्रम देवनागरीच्या साच्यात बसविताना विस्कटला.

जागेच्या काटकसरीचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. युनिकोडचे अंक साठविण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे ती केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 साली आखली. तिचा मोठा गुण असा की आस्कीतील जुने इंग्रजी लिखाण तिच्यात एका अक्षराचाही बदल न करता वैध राहते. या मेळामुळेच ती सर्वत्र पसरली. पण या मेळाची किंमत सर्वांनी सारखी दिलेली नाही. ‘महाराष्ट्र’ या शब्दात मात्रा आणि हलन्त धरून दहा चिन्हे आहेत. इस्कीत त्याला 10 बाइट लागत; या पद्धतीत 30 लागतात. हाच शब्द रोमन लिपीत लिहिला तर अकरा अक्षरांचे 11 बाइट पुरतात. मोबाइलच्या साध्या संदेशातही हाच न्याय आहे. इंग्रजीची 160 अक्षरे एका संदेशात मावतात, देवनागरीचे एक चिन्ह शिरले की मर्यादा 70 वर येते. स्मृती स्वस्त झाल्यामुळे आज हा भार कोणाला फारसा जाणवत नाही. तथापि एकाचा जुना मेळ दुसऱ्याच्या खर्चाने सांभाळला जातो, एवढे सत्य यातून नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

मानक कागदावर असले तरी ते वापरात उतरेपर्यंत लोक थांबत नाहीत. संगणक कार्यालयांत शिरले तेव्हा त्यांची नवी मानके कोणाला ठाऊक होती? ‘कृतिदेव’सारख्या टंकांनी दिल्लीची कचेरी जिंकली, महाराष्ट्रात श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांनी बस्तान बसविले. कृतिदेवाचे यश तर मेळाचेच होते. रेमिंग्टन यंत्रावर बोटे बसलेल्या टंकलेखकाला काहीही नवे शिकावे लागले नाही. पण हा मेळ बोटांशी होता, लिपीशी नव्हे. या टंकांत साठविलेला मजकूर देवनागरी नसतोच. रोमन अक्षरांनी देवनागरीचा मुखवटा चढविलेला असतो. कृतिदेवात ‘भारत’ लिहिले तर यंत्राच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरे असतात. टंक बदलला की मुखवटा गळून पडतो आणि उरते ती निरर्थक अक्षरमाळ. ज्यांनी बदलीच्या ठिकाणी जुनी फाइल उघडून हा चमत्कार पाहिला असेल त्यांना अधिक सांगणे नलगे. अखेर नोव्हेंबर 2009 मध्ये केंद्र सरकारने सर्व भारतीय भाषांच्या शासकीय कामासाठी युनिकोड हेच संकेतमानक ठरविले. तोपर्यंतच्या वर्षांत जे दप्तर तयार झाले त्याची स्थिती पेशवे दप्तराहून फार निराळी नाही : कागद आहेत, वाचणारा दुभाष्या हवा.

आता ज्याच्या नावाने आम्ही ही कैफियत मांडली त्या अर्ध्या ‘र’कडे येऊ. मराठीत ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ हे दोन निराळे उच्चार आहेत आणि त्यांनी अर्थ पालटतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना व्यासपीठावर बसवायचे आणि आचाऱ्यांना स्वयंपाकघरात पाठवायचे, याचा सारा निर्णय या एका चिन्हावर अवलंबून आहे. वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा हे शब्द त्याच्यावाचून लिहिता येत नाहीत. डोळ्याच्या पापणीसारखे दिसते म्हणून इंग्रजी ग्रंथांत त्याला पापणीचा ‘र’ म्हणतात. हिंदीला त्याची गरज नाही. नेपाळकडील भाषा सोडल्या तर ते जवळजवळ आपलेच.

इस्कीच्या कर्त्यांपुढे प्रश्न आला की ‘र’पुढे हलन्त दिला तर रफार होतो, मग हा दुसरा अर्धा ‘र’ कसा दर्शवावा? त्यांनी युक्ती काढली. तमिळमध्ये दोन ‘र’ आहेत. त्यांतील कठोर ‘र’ देवनागरीत उतरविता यावा म्हणून नुक्त्याचा ‘ऱ’ त्यांनी आधीच ठेवला होता. त्या ‘ऱ’पुढे हलन्त दिला म्हणजे मराठीचा अर्धा ‘र’ समजावा, असे ठरले. नवी जागा खर्ची पडली नाही. दिल्लीच्या भाषेत सांगायचे तर तमिळच्या नावाने वाटप झालेल्या निवासस्थानात मराठीचा ‘र’ पोटभाडेकरू म्हणून राहू लागला. युनिकोडने मात्र प्रारंभी निराळी वाट धरली. त्याच्या 1996 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यांपुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह, अशा त्रयीने हे रूप लिहावे असे होते. पुढच्या आवृत्त्यांत भारतीय मानकाशी जुळवून घेण्यासाठी ‘ऱ’ची रीत मुख्य ठरविली, पण जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून अदृश्य चिन्हाची रीतही चालू ठेवली.

मेळासाठी केलेल्या या औदार्याचा परिणाम असा की ‘वऱ्हाड’ हा शब्द आज दोन प्रकारांनी लिहिता येतो. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ची कळ दाबून लिहिणाऱ्याचा शब्द पहिल्या प्रकारचा, दुसऱ्या काही साधनांतून लिहिणाऱ्याचा दुसऱ्या प्रकारचा. एका तहसील कचेरीने गावाचे नाव एका रीतीने नोंदविले आणि शोधणाऱ्याने ते दुसऱ्या रीतीने विचारले, तर यंत्र निर्विकारपणे सांगते की असे गाव नाही. शोधयंत्राने अदृश्य चिन्हाकडे दुर्लक्ष करावे म्हटले तर आणखी अनर्थ. ते चिन्ह वगळले की दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य. मतदारयादीत, सातबाऱ्यावर, निवृत्तिवेतनाच्या नोंदीत ज्याचे आडनाव या ‘र’वर उभे आहे त्याच्या दृष्टीने हा पंडितांचा वाद नाही, आपण आहोत हे सिद्ध करण्याचा प्रश्न आहे. ‘ॲ’ची कथाही याच जातीची. 1991 सालच्या यादीत हिंदी वळणाचा ‘ऍ’ होता, मराठी वळणाच्या ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली. मधल्या सतरा वर्षांत लोकांनी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागविले, आणि ती दोन रूपेही यंत्र एक मानीत नाही.

मग ही दुहेरी रीत सरळ रद्द का करू नये, असे कोणी विचारील. याचे उत्तर युनिकोडच्याच इतिहासात आहे. 1996 साली त्याने कोरियाच्या हंगुल लिपीतील सहा हजारांहून अधिक अक्षरे जुन्या जागेवरून उचलून नव्या, अधिक सुव्यवस्थित जागी नेली. मांडणी सुधारली, पण तोवर लिहिलेला कोरियन मजकूर निकामी झाला. त्यानंतर त्या मंडळाने बांधून घेतले की एकदा दिलेली जागा बदलायची नाही, काढून घ्यायची नाही, अक्षराचे नावही फिरवायचे नाही. एका कंसचिन्हाच्या इंग्रजी नावात स्पेलिंगची चूक राहून गेली, ती आजही अधिकृतपणे तशीच आहे. हसू येते खरे. पण जे मंडळ स्वतःची चूकसुद्धा हलवीत नाही त्याच्या भरवशावरच शंभर वर्षांचे दप्तर ठेवता येते.

संगणकाला आज्ञा देण्याच्या ज्या भाषा आहेत त्यांचाही अनुभव हाच. फोरट्रान ही त्यांतील वडीलधारी भाषा 1957 सालची. तिचे 1990 सालचे मानक करताना आधीच्या मानकातील काहीही काढले नाही. जे जुनाट झाले होते त्यावर ‘पुढे जाईल’ अशी खूण तेवढी केली. पायथन या भाषेने 2008 साली दुसरा मार्ग निवडला. जगातील सर्व लिप्यांचा मजकूर नीट हाताळता यावा या मुख्य हेतूंपैकी एका हेतूने तिने आपली तिसरी आवृत्ती जुन्या लिखाणाशी फारकत घेऊन काढली. हेतू आपल्यासारख्यांच्या हिताचाच होता. तरी जुनी आवृत्ती 1 जानेवारी 2020 पर्यंत सांभाळावी लागली, म्हणजे संक्रमणाला अकरा वर्षे लागली. तमिळनाडूने 2010 साली युनिकोड मान्य करतानाच तमिळच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र अंक देणारी, अधिक कार्यक्षम म्हणविणारी एक पर्यायी योजनाही जाहीर केली. परंतु जगाचा व्यवहार युनिकोडवरच राहिला. गुणवत्तेच्या बळावर एकटे चालणे प्रमाणाच्या प्रांतात शक्य होत नाही. ज्याच्या बाजूला जुने लिखाण आणि पुष्कळ सोबती त्याची सरशी.

यावरून मेळ हाच श्रेष्ठ आणि कार्यक्षमता गौण, असा निष्कर्ष काढावा असे आम्हांस वाटत नाही. मेळाच्या नावाखाली प्रत्येक जुनी अडचण जपत गेलो तर लिपी अडगळीची खोली होईल. आमचे म्हणणे इतकेच की बदल कोणत्या थरात करावा हे ओळखणे म्हणजे निम्मे काम आहे. लखनौने थेट वाचकाच्या डोळ्यांत हात घातला म्हणून ते फसले. दशमान नाण्यांनी रुपया तसाच ठेवला म्हणून ती चालली. महाराष्ट्र शासनाने 2009 साली मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण ठरविले, तेव्हा संकेताच्या अंकाला धक्का लावण्याची गरज पडली नाही, कारण अक्षर कोणते हे संकेत सांगतो आणि त्याचे वळण टंक सांभाळतो. त्याच वर्षी आलेल्या मानकाशी तो निर्णय सुखाने नांदला. रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह मंत्रिमंडळाने जुलै 2010 मध्ये मंजूर केले आणि त्याच वर्षी त्याला युनिकोडमध्ये जागा मिळाली. मोडीलाही 2014 साली तेथे घर मिळाले. नवे जोडण्यास मुभा आहे. जुने हलविण्यास नाही. आणि अर्ध्या ‘र’ची दुहेरी रीत कायमचीच असेल, तर दोन्ही रूपे एक मानण्याचे कोष्टक सरकारी शोधयंत्रांत घालणे हा उपाय हाताशी आहे. 1957 साली सव्वासहा पैशांचा त्रास कोष्टकाने सोसला, तो ग्राहकावर लादला नाही. तोच न्याय येथे लावावा.

शेवटी एक गोष्ट, आणि ती आमच्या वाचकांच्या रोजच्या कामाशी निगडित आहे. मानकाचा मसुदा अंतिम होण्यापूर्वी अभिप्रायार्थ फिरतो. तो केवळ माहितीस्तव आला आहे असे समजून त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारून पुढे पाठविणे सोपे असते. पण मसुदा आहे तोवर एक ओळ लिहून जे मिळते, ते मानक ठरल्यावर सतरा वर्षांच्या पत्रव्यवहाराने मिळते किंवा मिळतही नाही. ‘ॲ’ची गोष्ट हेच सांगते. ज्यांनी पूर्वी लिहून ठेवले त्यांना समितीत बसता येत नाही. त्यांचे मत म्हणजे त्यांचे कागद, आणि मेळ राखणे म्हणजे ते मत मोजणे. आपल्यासारख्या हयात माणसांना मात्र खुर्ची आहे. राजधानीत मराठी अधिकारी पुष्कळ आहेत, आणि अर्धा ‘र’ उच्चारता न येणाऱ्या सहकाऱ्याला त्याची निकड आपण होऊन सुचणार नाही. ती आपणच सांगितली पाहिजे, आणि वेळेवर सांगितली पाहिजे.